चाक कोणाचे, काम कोणाचे?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु आज आम्ही जो इतिहास मांडणार आहोत तो साध्या रस्त्यावरचा आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापर्यंत तो येऊन पोहोचलेला आहे.

औषध कंपनीचा प्रतिनिधी नमुन्यांची पिशवी अडकवून स्वतःच्या फटफटीवर दिवसभर दवाखाने पालथे घालतो. पतपेढीचा पिग्मी एजंट आपल्या स्कूटरवर दुकानादुकानांतून रोजचे पैसे गोळा करतो. कचेरीतला कारकून भाड्याची मोटार घेऊन पाहुण्यांना स्टेशनावर पोहोचवितो. घरपोच जेवण आणून देणारा पोरगा तर आता प्रत्येक गल्लीत दिसतो. या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. गाडी मालकाची नाही, पण काम मालकाचे आहे. आता या गाडीखाली कोणी सापडला, तर भरपाई कोणी द्यावयाची? आणि गाडी चालविणाराच पडला, तर त्याच्या मुलाबाळांकडे कोणी पाहावयाचे? हे दोन प्रश्न दिसायला जुळ्या भावांसारखे आहेत, पण कायद्याने त्यांना फार निराळी वागणूक दिली. त्या वागणुकीचा हा इतिहास आहे.

आरंभ इंग्लंडात करावा लागतो, कारण आपल्या न्यायालयांनी या बाबतीतले नियम मुख्यतः तिकडून घेतले. १८३४ साली लंडनमध्ये एक दावा चालला. बिशप्सगेट रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला घोडागाडीने पाडले. गाडी हाकीत होता तो नोकर होता. मालकाचे म्हणणे असे की, त्या वेळी गाडीचे तिकडे जाण्याचे कारणच नव्हते. न्यायमूर्ती पार्क यांनी पंचांपुढे जो नियम मांडला तो आजतागायत चालत आला आहे. नोकर मालकाच्या कामावर असताना थोडा वाकड्या वाटेने गेला, तरी मालक जबाबदार. पण तो मालकाचे काम टाकून निव्वळ स्वतःच्या मौजेसाठी भटकत असेल, तर मालक मोकळा. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी कोणाची हे न्यायमूर्तींनी निर्णायक धरले नाही. त्या घडीला काम कोणाचे चालले होते, हे त्यांनी विचारले.

सहा वर्षांनी, १८४० साली, भाड्याच्या वाहनाचा प्रश्न आला. दोन वृद्ध बहिणींची स्वतःची बग्गी होती, पण घोडे आणि गाडीवान त्या एका भाड्याने देणाऱ्या बाईकडून घेत. त्यांच्याकडे असताना घालावयाची टोपी आणि डगला त्यांनी गाडीवानाला करून दिला होता. एके दिवशी तो टोपी ठेवावयास आत गेला, घोडे मोकळेच राहिले, उधळले आणि दुसऱ्या गाडीवर आदळले. बग्गी बहिणींची, पोशाखही त्यांचाच. तरी न्यायालयाने त्यांना सोडले, कारण गाडीवान भाड्याने देणाऱ्या बाईचा नोकर होता. मालकी वस्तूची आणि जबाबदारी माणसाची, या दोन गोष्टी अशा अलग झाल्या. वाहन कोणाचे हे पाहून उत्तर मिळत नाही. चालविणाऱ्यावर हुकमत कोणाची, हे पाहावे लागते.

येथवर सारे न्यायाला धरून दिसते. परंतु याच काळात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय मिळाले ते पाहा. प्रिस्टली नावाचा एक तरुण खाटकाकडे नोकर होता. १८३५ साली मालकाच्या मालगाडीवर बसून तो मालाबरोबर चालला होता. गाडीवर माल फाजील लादलेला होता. गाडी मोडली, पोराच्या मांडीचे हाड मोडले. पंचांनी त्याला १०० पौंड द्यावे म्हटले. १८३७ साली लॉर्ड ॲबिंजर यांच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. त्यांचा युक्तिवाद असा की, नोकराला धोका दिसत असला तर त्याने गाडीवर बसू नये. आणि अशा दाव्यांना एकदा वाट दिली तर मालकांवरील जबाबदारीला अंत राहणार नाही. यातूनच पुढे नियम बनला की, सोबतच्या कामगाराच्या चुकीने कामगार जखमी झाला, तर मालकाकडे भरपाई मागता येत नाही.

म्हणजे गाडीखाली सापडलेल्या वाटसरूला मालकाकडून पैसे मिळतील, पण त्याच गाडीवरून पडलेल्या नोकराला मिळणार नाहीत! एकाच अपघाताला लावलेली ही दोन मापे मोडण्यासाठी कामगार चळवळीची पुढली शंभर वर्षे गेली.

आपल्याकडे या मागणीला प्रथम वाचा फोडली ती मुंबईच्या गिरणी कामगारांनी. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा झाल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. त्याच साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडात नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास १८९७ साल उजाडले. हिंदुस्थानात तो १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचा आवाज म्हणून ना. म. जोशी बसत होते. या कायद्याने कामगाराच्या खांद्यावरून एक मोठे ओझे उतरविले. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढे दाखविले की पुरे. सोबतच्या कामगाराच्या चुकीचे ते जुने निमित्त आपल्याकडे १९३८ च्या कायद्याने काढून टाकले.

आता घोडे गेले आणि मोटार आली. मोटारीने घोड्यापेक्षा पुष्कळ अधिक माणसे पाडली. आणि मोटार हाकणाऱ्याच्या खिशात भरपाईइतके पैसे नसत. निकाल हाती, पण वसुली नाही, असे होऊ लागले. म्हणून इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ चा; त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. रस्त्यावरच्या माणसाला हा मोठाच आधार झाला.

परंतु या सुधारणेत एक फट राहून गेली. विमा गाडीला चिकटला; कामाला चिकटला नाही. मालकाने स्वतःच्या नावावरच्या गाड्यांचे हप्ते भरले की त्याचे कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ झाली. नोकर स्वतःच्या गाडीवर मालकाचे काम करू लागला, तेव्हा विम्याचा भारही न बोलता नोकराच्या अंगावर आला.

ही समजूत कायद्याला मान्य आहे काय? याचे उत्तर कॅनडातून निघालेल्या एका दाव्यात मिळाले. त्याचा अंतिम निकाल १९४२ साली प्रिव्ही कौन्सिलने दिला. हेच प्रिव्ही कौन्सिल त्या काळी आपलेही शेवटचे न्यायालय होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत एक सुतारकाम व दुरुस्ती करणारा कामगार होता. एका स्टेशनातील कुलपाच्या किल्लीच्या कामासाठी तो स्वतःच्या मोटारीने निघाला आणि वाटेत अपघात होऊन एक मूल जखमी झाले. मोटारीचा विमा नव्हता. कंपनीने आधीच लेखी सूचना काढल्या होत्या की, विमा नसलेली खाजगी मोटार कंपनीच्या कामासाठी कोणीही वापरू नये. कंपनीच्या गाड्याही उपलब्ध होत्या. अशा स्थितीत कंपनी सुटली असेल असे कोणासही वाटेल. पण ती सुटली नाही. प्रिव्ही कौन्सिलचे म्हणणे असे की, मनाई होती ती विम्यावाचून गाडी चालविण्याला. कंपनीच्या कामावर जाण्याला नव्हे. काम कंपनीचेच होते. तेथे कसे जावे यावर कंपनीने निर्बंध घातला आणि तो मोडला गेला, एवढ्याने काम परके होत नाही.

या निकालाचे मर्म फार मोठे आहे. भिंतीवर नोटीस चिकटवून जबाबदारी झटकता येत नाही. नोकराच्या पायपिटीने किंवा त्याच्या चाकांनी ज्याचा धंदा चालतो, त्याच्याच माथी त्या चाकांची जोखीम राहते.

स्वतंत्र भारतात हे सूत्र कसे चालले? उदेपूरला १९५२ साली कलेक्टरच्या दिमतीची सरकारी जीप दुरुस्तीहून बंगल्याकडे आणली जात असताना एक पादचारी मेला. आम्ही राजसत्ता, आम्हांला जबाबदार धरता येत नाही, असा सरकारचा बचाव होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि १५,००० रुपयांची भरपाई कायम केली. लोकशाहीत सरकारही इतर मालकांसारखाच मालक ठरला. १९६६ साली मात्र अहमदाबादच्या एका टॅक्सीच्या दाव्यात पाऊल आखडले. चालकाने टॅक्सी दुसऱ्या माणसाला परवान्याच्या परीक्षेसाठी दिली आणि तेवढ्यात एका पादचाऱ्याचा अपघात झाला. बहुमताने ठरले की, ते मालकाचे काम नव्हते. मालक सुटला, आणि त्याच्याबरोबर विमा कंपनीही सुटली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत विरुद्ध पडले.

नंतर १९७७ चा निकाल आला. १९६० च्या डिसेंबरात एका जिनिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीच्या मोटारीने नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाला होता. गाडी झाडावर आदळली आणि बरोबरचे गृहस्थ ठार झाले. त्यांच्या विधवेने दावा लावला. व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता, म्हणून कंपनी जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. विमापत्रात अशा सहप्रवाशासाठी मर्यादा १५,००० रुपयांची होती. त्यापलीकडचा भार कंपनीवर राहिला. विमा अपुरा काढला तर जबाबदारी कमी होत नाही, मालकाचा खिसा तेवढा उघडा पडतो, हा धडा व्यापारी मंडळींनीही घ्यावा असा आहे.

भाड्याच्या वाहनांचेही असेच. राजस्थानच्या परिवहन महामंडळाने खाजगी मालकाची बस चालकासह भाड्याने घेतली होती. अपघात झाल्यावर बस आमची नाही, चालक आमचा नाही, असे महामंडळ म्हणू लागले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: बस तुमच्या मार्गावर, तुमच्या वाहकासह, तुमच्या हुकमाने धावत होती, तेव्हा जबाबदारी तुमची. आसामात सरकारने सक्तीने ताब्यात घेतलेल्या वाहनाबद्दलही २०१४ साली हेच ठरले: ताबा सरकारचा, तेव्हा भरपाईही सरकारने द्यावी, कागदोपत्री मालक असलेल्या गरिबाला त्यात ओढू नये. १८४० साली त्या दोन बहिणींच्या बग्गीवरून जो विचार सुरू झाला, तो असा फिरून आपल्या दाराशी आला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. चालविणारा स्वतः पडला तर? येथे सारा झगडा ‘कामाच्या ओघात’ या शब्दांवर झाला. पोरबंदरजवळच्या मिठागरातले कामगार १९५२ च्या जूनमध्ये काम आटोपून होडीने खाडी ओलांडीत होते. होडी उलटली आणि माणसे बुडाली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ते सार्वजनिक वाटेवर आले होते, काम संपले होते, भरपाई नाही. पाच वर्षांनी मुंबईच्या बेस्टचा एक चालक न्यायालयापुढे आला, म्हणजे त्याची विधवा आली. १९५७ साली जोगेश्वरीच्या आगारात गाडी ठेवून तो बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी चालला होता आणि अपघातात गेला. या वेळी बहुमत कामगाराच्या बाजूने झाले. एवढ्या अफाट शहरात चालक वेळेवर यावा म्हणूनच त्याला बसने फिरू देतात. तो प्रवास कामाचाच भाग आहे, असे ठरले.

मालकाच्या बसमधला कामगार असा सुटला. स्वतःच्या सायकलीवरचा मात्र सुटला नाही. केरळात १९७१ साली कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर सायकलस्वार कामगाराला लॉरीची धडक बसली. तो पाळीवरच निघाला होता. पंचवीस वर्षे दावा चालून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तो निकाल कामगार संघटनांना फार लागला. अखेर २०१० साली राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम घालण्यात आले आणि घर ते काम या वाटेवरचा अपघातही, त्याचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातला मानला गेला.

पण राज्य विम्याखाली न येणाऱ्यांचे काय? याचे उत्तर आपल्याच मुलखातून आले. धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे ३ ची. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलने पाळीवर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असता अपघातात मरण पावला. मागे बायको, चार मुले आणि आई. २००९ साली भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५१-ई चे तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लावले आणि आयुक्तांचा हुकूम पुन्हा उभा केला. पहाटे ३ च्या पाळीला माणूस त्या अंधारात दुसऱ्या कशासाठी निघणार? पण एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास बावीस वर्षे लागली. मुले तेवढ्यात मोठी झाली.

असो. तत्त्व आपल्या पदरात पडले आहे. आता व्यवहार पाहू. आपल्याकडच्या खाजगी मोटारीच्या आणि दुचाकीच्या प्रचलित विमापत्रात वापराच्या अटी छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यावर वाहतूक नको. आणि नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूकही नको. म्हणजे औषधाच्या नमुन्यांची पिशवी चालते, पण गिऱ्हाइकाचे गाठोडे चालत नाही! अट मोडली असे ठरले की न्यायालये पुष्कळदा विमा कंपनीला रस्त्यावरच्या जखमीचे पैसे आधी भरावयास सांगतात आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. गाडीचा मालक कोण? तर तोच, जो दिवसभर दुसऱ्याचे गाठोडे पोहोचवीत होता. शिवाय तिऱ्हाइताचा विमा हा नावाप्रमाणेच तिऱ्हाइतासाठी असतो. गाडीचा धनी त्यात तिऱ्हाईत ठरत नाही. त्याला स्वतःसाठी वेगळा अपघात विमा लागतो.

करारासाठी व्यवस्थापनासमोर बसण्याची वेळ आम्हांवर अनेकदा आली आहे. पेट्रोल भत्त्यावर घटकाघटका वाद होतो. किलोमीटरमागे किती पैसे, झीज किती, टायर किती वर्षे टिकते, सारे निघते. विम्याचा विषय काढला की समोरून उत्तर येते, गाडी त्याची आहे, त्याने पाहावे. एका ठिकाणी तर वसुलीच्या माणसांकडून गाडी स्वतःच्या जबाबदारीवर वापरीत असल्याचे लिहून घेतलेले आम्ही पाहिले. असा कागद कॅनडातल्या त्या नोटिशीपेक्षा अधिक बळकट नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाने त्यावर सही केलेली नसते. पण सही करणाऱ्या गरिबाला ते ठाऊक नसते, आणि मालकाला नेमके तेच हवे असते.

वास्तविक उपाय मालकाच्याही सोयीचा आहे. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, भाड्याच्या आणि मालकाच्या नावावर नसलेल्या गाड्यांमुळे धंद्यावर येणाऱ्या जबाबदारीचा वेगळा विमा व्यावसायिक सर्रास काढतात. नोकराच्या गाडीचा विमा आधी आणि त्यावर मालकाचा, अशी ती दुहेरी भिंत असते. कर्जाच्या हप्त्याइतकेच विम्याच्या हप्त्याला महत्त्व देणारा धंदेवाईक अशा विम्याला खर्च म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली. १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. घर ते काम या वाटेवरच्या अपघाताची तरतूदही तिच्यात आली. घरपोच माल देणाऱ्यांसारख्या कामगारांचे नाव प्रथमच कायद्यात आले आणि त्यांच्या कल्याणनिधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावे असे ठरले. हे स्वागतार्ह आहे. पण निधी म्हणजे जबाबदारी नव्हे. या पोरांना कंपन्या नोकर म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. १८३४ चा प्रश्न त्यांच्यापुढे नव्याने उभा करावा लागेल: त्या घडीला काम कोणाचे चालले होते? कोणत्या वाटेने, किती मिनिटांत, कोणाच्या दारी जावयाचे हे ज्याने ठरविले, त्याची हुकमत नाही असे कोण म्हणेल?

प्रिस्टलीपासून धाराशिवच्या पहारेकऱ्यापर्यंत दोनशे वर्षांच्या जवळपास काळ लोटला. त्यात न्यायाधीशांचा वाटा आहे, तसाच अर्जावर सह्या करणाऱ्या गिरणी कामगारांचा आणि वीस वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या विधवांचाही आहे. त्यांनी मिळविलेला हक्क आपल्या उपयोगी पडावा असे वाटत असेल, तर उद्या सकाळी एवढे करावे. घरातले कोणी स्वतःच्या गाडीवर दुसऱ्याच्या कामाला जात असेल, तर त्याचे विमापत्र कपाटातून काढून वापराच्या अटी वाचाव्यात. कामाच्या ठिकाणाहून त्या कामाचा लेखी हुकूम मागावा, आणि पुढल्या करारात पेट्रोलच्या ओळीखाली विम्याची एक ओळ घालावयास लावावी. आणि श्रोत्यांमध्ये जे दुकानदार, कारखानदार असतील त्यांनी आपल्याकडे कोण कोण स्वतःच्या चाकांवर येतो याची यादी करावी. ती यादी त्यांना वाटते त्याहून लांब निघेल.